पान एकशे बारा, द्वारका

वाचनालय साडेसातला बंद होतं.
साडेसात म्हणजे सव्वासात,
कारण सव्वासातलाच खैरनार बाई
रजिस्टरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवतात
आणि मग दारात उभा असलेला माणूस
उद्याचा.

मी सहाला बिटकोवरून बस धरते.
दत्तमंदिर, उपनगर, बोधलेनगर,
इथवर रस्ता माणसात असतो.
काठे गल्लीच्या अलीकडे बसकण मारतो.
पुढे द्वारका.
इथे सगळेच सारथी
आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही.
कांद्याचा ट्रक, त्याच्या पोटाला चिकटलेली रिक्षा,
द्राक्षांच्या क्रेटवर बसून मोबाईल बघणारा पोरगा,
उलट्या बाजूनं येऊन आपल्यालाच डोळे वटारणारे एक काका.
सिग्नल हिरवा होतो, लाल होतो, परत हिरवा,
मांडवात कुणी लक्ष देत नसताना
मंत्र म्हणत राहिलेल्या भटजीसारखा.

म्हणून मी वाचते.
घरी होत नाही, खरं सांगते.
घरी कुकर, सासऱ्यांचं इन्सुलिन, निनादचे अपूर्णांक.
गेल्या सहा वर्षांतली सगळी पुस्तकं
मी उभ्यानं वाचली,
एक हात वरच्या दांडीला.

नियम भिंतीवर आहेत, काचेमागे, एकूण सतरा.
एका वेळी एकच पुस्तक.
मुदतवाढ एकदाच.
पत्ता बदलला तर दोन सभासदांच्या सह्या
(आमचा बदलला; मी तीन आठवडे सभासद शोधत होते,
तिथं सगळे एकमेकांना पाठीवरूनच ओळखतात).
कपाटाला हात लावू नये,
पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं.
नावच माहीत नसेल तर?
विचारलं होतं एकदा.
‘आधी नाव काढून या,’ बाई म्हणाल्या.
आईसुद्धा हेच म्हणायची.

नियम अकरा: पुस्तकात खुणा करू नयेत. दंड वीस रुपये.

या खेपेचं पुस्तक जाडजूड,
एका दीपगृहाच्या रखवालदाराचं.
समासात कुणीतरी, बारीक पेन्सिलीनं:
‘उपनगर, सहा वीस.’
दहा पानांनंतर: ‘बोधलेनगर. अजून.’
मग पान एकशे बारा: ‘द्वारका.’
एकशे तेरा: ‘द्वारका.’
एकशे एकोणीसपर्यंत द्वारकाच,
आणि तळाशी तिरकी ओळ, बहुतेक बस हलली तेव्हाची:
‘याला निदान समुद्र तरी दिसतो.’

मी भर बसमध्ये हसले.
शेजारणीनं पर्स जवळ ओढली.

मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा,
सभासद क्रमांक चारशे सात.
पुरुष की बाई, कोणत्या थांब्याला उतरणारं, काही नाही.
नियम चौदा: इतर सभासदांची माहिती मिळणार नाही.

आज सात अठराला पोचले.
पट्टी पडली होती.
पुस्तक घेतलं त्यांनी, उद्याच्या तारखेनं, दोन रुपये जादा,
आणि सवयीनं पानं फरफरवली.
‘या खुणा तुमच्या?’

नाही म्हणायला तोंड उघडलं.
‘माझ्याच,’ निघालं.
का, ते मला विचारू नका.
वीस आणि दोन, बावीस.
त्यांनी खोडरबर काढलं.
उपनगर गेलं. बोधलेनगर गेलं.
एकशे बारावर थोडा वेळ थांबल्या,
चष्मा वर केला, खाली केला.
‘उरलेलं उद्या,’ म्हणाल्या,
आणि पंखा बंद केला.

नवीन पुस्तक मिळालं नाही, अर्थात. पट्टी.

रखवालदाराचं शेवटी काय झालं
मला माहीत नाही.
मंगळवारी कुणास ठाऊक कसा, रस्ता मोकळा होता,
पंधरा मिनिटांत शालिमार,
शेवटची वीस पानं तेवढी राहून गेली.

आता परतीच्या बसमध्ये हात रिकामे.
द्वारका.
समोरच्या टेम्पोच्या पाठीवरचं सगळं वाचून झालं,
फोन नंबरासकट.